खून त्यानं केलेला न्हाय

गुणाबाईंना मी पाहण्याआधी ऐकलं. बेळगावात अनगोळला आमच्या घरापासून जवळच एक लहानसं वाचनालय आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी संध्याकाळ बहुतेक तिथंच जाते. त्या दिवशी मी कपाटाकडे तोंड करून पुस्तकं चाळत होते, आणि मागं टेबलापाशी कुणीतरी बाई अगदी शांतपणे सांगत होती, "पुस्तक चांगलं हाय भरमू, पर खून त्यानं केलेला न्हाय."

भरमू म्हणजे आमचा ग्रंथपाल. बुटका, हसरा, वाचकांच्या फिरक्या घ्यायची सवय असलेला. तो म्हणाला, "आक्का, लेखकानंच लिवलंय की मेव्हण्यानं केला म्हणून."

"लेखकाला काय म्हाईत? तो इन्स्पेक्टर म्हणतोय आणि हा लिवतोय. गाडीची सीट पुढं ओढलेली, म्हणून चालवणारा बुटका. मेव्हणा बुटका, म्हणून खुनी. तू बी बुटकाच हायस की रं."

मी वळून बघितलं. साठी ओलांडलेली बाई. काठाचं सुती लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, हातात भाजीची पिशवी. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं होतं आणि त्यावर तळहात टेकून ती उभी होती. भांडणाचा आवेश नव्हता. वर्गात एखादी मुलगी "बाई, फळ्यावर चुकलंय" असं सांगते, तसा चेहरा.

"नुसत्या संशयावर माणसाला जन्मठेप," ती म्हणाली. "पुरावा कुठं हाय?" आणि दुसरं पुस्तक पिशवीत कोथिंबिरीच्या खाली सरकवून निघून गेली.

मी ते पुस्तक लगेच माझ्या नावावर घेतलं. रहस्यकथा मी फारशा वाचत नसे. पण लेखकाला काय माहीत, असं म्हणणारा वाचक मी इतक्या वर्षांच्या मास्तरकीत पाहिला नव्हता. कोकणातल्या बंगल्यात एका बिल्डरचा खून होतो, दारात हिरवी मोटार उभी असते, आणि एक थंड डोक्याचा इन्स्पेक्टर त्या मोटारीवरून एकेक गोष्ट ताडत जातो. मी दोन बैठकींत पुस्तक संपवलं आणि चकित झाले. कारण त्यात संशय असा कुठं नव्हताच. इन्स्पेक्टर कुणावर उगाच संशय घेत नाही, गणित सोडवल्यासारखा पायरी पायरीनं जातो, आणि शेवटी पुरावाही चांगला भक्कम आहे. मग ही बाई म्हणते ते पुस्तक कुठलं?

पुढच्या खेपेला वाचनालयात भेटल्या तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याबरोबरच बाहेर पडले. मी शिक्षिका होते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या जावेची मुलगी माझ्या वर्गात होती म्हणे. "या की बाई घरला," त्या म्हणाल्या. "आमचं मालक खूष हुतील. पुस्तकावर बोलाय त्यांना माणूस लागतोय. माझ्यासंगं बोलून कटाळल्यात."

मालक, म्हणजे परशरामअण्णा, सोप्यात खुर्चीवर बसले होते. उंच, ताठ, स्वच्छ दाढी केलेले. आम्ही आत आलो तसे त्यांनी मान वळवली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. काचबिंदू. कळला तोवर उशीर झाला होता. कॅम्प भागातल्या डॉक्टरांनी उरलं तेवढं राखायचा प्रयत्न केला, पण आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दारात कुणी उभं राहिलं तर उजेड कमी होतो, त्यावरून माणूस आलं हे समजतं.

ते उद्यमबागच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करायचा. तो वाळूत दाबून काढून घेतला की जी पोकळी उरते, तिच्यात लोखंड ओततात. जन्मभर त्यांनी हे केलं, आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत रहस्यकथा वाचल्या. दोन्ही कामं त्यांना एकच वाटत. "पोकळी बघायची बाई," त्यांनी मला त्या पहिल्याच दिवशी समजावलं. "लेखक पुढं पुढं पोकळ्या सोडत जातोय. शेवटाला ओतलं की सगळ्या भरल्या पाहिजेत. एक जरी ऱ्हायली तर तो जॉब रिजेक्ट."

डोळे गेल्यावर वाचन थांबलं. पुण्याला असलेल्या मुलानं, नागेंद्रनं, मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. ती महिनाभरही चालली नाही. त्यातली बाई थांबत नाही, अशी त्यांची तक्रार होती. खून झाल्यावर माणसानं जरा थांबावं, कुणी केला असेल यावर दोन शब्द बोलावेत, ही आपली सरळ पुढच्या पानावर. मग दोन वर्षांपूर्वी एके दिवशी दुपारची भांडी आवरून गुणाबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या, कपाटातलं एक पुस्तक उघडलं, आणि बोट ठेवून वाचायला लागल्या.

यात नवल काय होतं ते मला हळूहळू कळलं. गुणाबाईंचं माहेर चिकोडीकडचं. घरात बोलायची मराठी, तीही निम्मी कन्नड मिसळलेली. गावात शाळा एकच, कन्नड. सातवीपर्यंत त्या तिथं शिकल्या. मराठी पुस्तक त्यांनी लग्न होईपर्यंत हातात धरलं नव्हतं. देवनागरी अक्षरं ओळखीची होती ती पाचवीपासून शिकवलेल्या हिंदीमुळं. हिंदीच्या पुस्तकात ळ नव्हता. तो त्या महाराष्ट्राच्या एस.टी.च्या पाटीवर शिकल्या. निपाणीच्या स्टँडवर गाडी लागायची, पाटीवर बेळगाव लिहिलेलं असायचं, आणि मधलं ते दोन वाट्यांचं अक्षर म्हणजे ळ हे त्यांनी आपलं आपण ठरवलं. एवढ्या शिदोरीवर ही बाई आता चारशे पानांच्या कादंबऱ्या मोठ्यानं वाचत होती.

मी दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांचं वाचणं ऐकण्यासारखं होतं. आवाजात नाटक मुळीच नाही. खुनी बोलो की पोलीस, एकच सूर. पण पुस्तकी वाक्य लांबलं की त्या क्षणभर थांबत, ते मनात बसवून घेत आणि घरच्या बोलीत करून पुढं देत. 'त्याच्या चर्येवर भीतीची छटा उमटली' हे त्यांच्या तोंडून 'त्याचं त्वांड पडलं' असं यायचं. मी शाळेत मुलांना हेच शिकवायला धडपडले होते, वाक्य आधी समजून घ्या, मग वाचा. इथं कुणी न शिकवता ते घडताना मी पाहत राही.

आणि मग त्यांची मतं. पुस्तकांची नावं दोघंही सांगत नसत. हिरव्या मोटारीची, धरणावरची, लिफ्टवाली, अशी त्यांनी ठेवलेली नावं होती. लिफ्टवाली ही नव्या धर्तीची कादंबरी होती. बेंगळूरुला उंच इमारतीत राहणारं एक जोडपं, दोघंही घरूनच काम करतात, हळूहळू अबोला वाढत जातो. परशरामअण्णांना ती अजिबात पटली नव्हती. तीनशे पानांत एक दार जोरात आपटण्यापलीकडे काही घडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"घडतंय की," गुणाबाई म्हणाल्या. "आख्ख्या पुस्तकात तो तिला एकदा बी जेवलीस काय म्हणून विचारत न्हाय. मी बघत हुते, आता विचारंल, मग विचारंल. ते न्हाय घडलं, तेच घडलंय."

परशरामअण्णांनी त्यांच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "तू जेवलीस काय?"

"तुमच्या म्होरंच जेवले की. पुस्तकातलं हितं आणू नगासा."

रहस्यकथांबद्दल त्यांची एक कायमची नाराजी होती. मेलेल्या माणसाच्या घरी दुसऱ्या दिवशी भाकरी कुणी नेऊन दिली, हे कुठलाच लेखक लिहीत नाही. पोलीस येतात, फोटो काढतात, शेजाऱ्यांना प्रश्न विचारतात. शेजारी उत्तरं देऊन आपल्या घरी जातात. "असलं कुठलं गाव असतंय?" त्या विचारत. मी घरी येऊन माझ्या कपाटातल्या चांगल्या चांगल्या कादंबऱ्या उघडून पाहिल्या. भाकरी खरोखरच कुणी नेली नव्हती.

एका दुपारी मी गेले तेव्हा गुणाबाई गिरणीत दळण आणायला गेल्या होत्या. परशरामअण्णा एकटेच होते. त्यांनी दाराकडे कान देऊन खात्री करून घेतली आणि आवाज उतरवून म्हणाले, "बाई, एक काम हुतं. ही वाचत्याय ते सगळं पुस्तकात हाय तसंच हाय काय, एकदा बघशीला?"

ते सांगत गेले. हिरव्या मोटारीच्या पुस्तकात त्यांना काहीतरी खटकलं होतं. इन्स्पेक्टर सगळं पुस्तकभर नुसता संशय घेत फिरतो आणि शेवटच्या प्रकरणात एकदम खात्रीनं बोलतो. संशयापासून खात्रीपर्यंतचा रस्ता मधे कुठंच नाही. "पोकळी सोडली हाय, आन ओतल्यावर तितं काहीच न्हाय. अशी एक न्हाय, चार पुस्तकं झाली. सगळे लेखक असलं कसं करतील? म्हंजे पानं गळत्यात." ते खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिले. "ती दमत असंल बाई. सकाळधरनं काम, माझं औषध, पाणी, त्यात ही जाडजूड पुस्तकं. दमून पानं सोडत असंल आन मला वाईट वाटू नये म्हणून सांगत नसंल. तसं असलं तर मी वाचनच सोडतो. मला तिचं ओझं व्हायचं न्हाय. पर मला कळाय पाहिजे."

हे सांगताना त्यांचा चेहरा मी पाहत होते. दुपारचे ते दोन तास हे या माणसाचं सगळं जग होतं, आणि ते सोडून द्यायची त्यांनी तयारी केली होती. फक्त खरं काय ते हवं होतं. मी हो म्हणाले. हिरवी मोटार मी वाचलेली होती, त्यामुळं मलाही ते कोडं सुटायला हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी गुणाबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसले. पाठ दुखते, भिंतीला टेकते, असं काहीतरी सांगितलं. पुस्तक धरणावरचं होतं. एका बँकेचा मॅनेजर नाहीसा होतो, धरणाच्या काठावर त्याच्या चपला सापडतात, आणि तपासाला एक तरुण महिला अधिकारी येते. मला पान स्पष्ट दिसत होतं. गुणाबाईंचं बोट ओळीखालून सरकत होतं आणि माझी नजर त्या बोटाबरोबर.

एक ओळसुद्धा त्या सोडत नव्हत्या. जिथं मी स्वतः वाचताना भरभर पुढं गेले असते, धरणाच्या भिंतीची उंची, दरवाज्यांची वर्णनं, तेही सगळं त्या नीट वाचत होत्या. प्रकरण बदललं तर ते सांगत होत्या. मला मनातून फार बरं वाटू लागलं.

मग पान उलटलं. तिथं छापलं होतं, 'चपलांचे तळ कोरडे होते. यावरून तिने अनुमान काढले की तो पाण्याच्या दिशेने गेलाच नव्हता.'

गुणाबाईंनी वाचलं, "चपलांचं तळ कोरडं हुतं. त्यावरनं तिला संशय आला, की तो पाण्याकडं गेलाच नसंल."

मी पुढच्या ओळींवर नजर ठेवली. खालीच पुन्हा तो शब्द आला. 'हे अनुमान तिने वरिष्ठांना कळवले.' गुणाबाई म्हणाल्या, "ह्यो संशय तिनं मोठ्या सायबास्नी सांगितला." जरासुद्धा न अडखळता.

मला राहवलं नाही. मी त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "गुणाबाई, हा शब्द तुम्ही तसाच का नाही वाचला?"

"अनुमान?" त्यांनी चष्मा सारखा केला. "अवो, त्यो कन्नड शब्द हाय की. लेखक आपल्याकडचंच असतील बहुतेक सगळी, मधे मधे कन्नड घालत्यात. आमच्या मालकांचं कन्नड बाजारापुरतं. म्हणून मी मराठी करून सांगते. अनुमान म्हंजे संशय."

आणि त्या क्षणी मला सगळं दिसलं. चिकोडीकडच्या त्यांच्या शाळेत, त्यांच्या घरात, त्यांच्या आईच्या तोंडी अनुमान म्हणजे संशयच होता. कन्नडमध्ये तो तसाच आहे. बायकोवर अनुमान घेणारा नवरा तिथं असतो, दूधवाल्यावर अनुमान असतं. आपल्या मराठीत अनुमान म्हणजे खुणांवरून डोकं चालवून काढलेला निष्कर्ष. रहस्यकथेत तर तो पानोपानी. म्हणजे ही बाई नवऱ्याला अडचण नको म्हणून प्रत्येक ठिकाणी त्या शब्दाचं भाषांतर करत होती, आणि प्रत्येक पुस्तकातला शहाणा तपास अधिकारी त्या घरात येईपर्यंत संशयी माणूस होत होता. वाचनालयात भरमूशी ती वाद घालत होती तो तिच्या बाजूनं अगदी बिनतोड होता. नुसत्या संशयावर कुणाला जन्मठेप देतात?

मी अर्थ सांगितला. जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितला. गुणाबाईंनी पुस्तक मिटलं, बोट मात्र पानातच ठेवलं.

"म्हंजे समद्या पुस्तकांत?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांचा चेहरा उतरला. दोन वर्षं त्यांनी या माणसाला खोट्या गोष्टी वाचून दाखवल्या, असं त्यांना वाटत होतं हे उघड होतं. "त्यांनी माझ्या डोळ्यांवर इश्वास ठेवला," त्या मला म्हणाल्या, नवरा समोर नसल्यासारख्या. "सांगायचं न्हाय व्हय कुणी तरी? त्या मोबाइलमधल्या बाईचंच बरं हुतं मग."

परशरामअण्णा खुर्चीत पुढं सरकले. "बाईंना मी बघाय सांगितलंतं," ते म्हणाले.

"काय बघाय?"

"तू पानं सोडत्यास काय ते."

गुणाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

"माझ्यावर तुमाला अनुमान आलं?" त्या म्हणाल्या.

"आलं."

"कुठलं? मराठीतलं का कन्नडमधलं?"

परशरामअण्णांनी तोंड वर केलं. "कन्नडमधलं," ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखं, सरळ.

"आन आता?"

"आता मराठीतलं काढतो. ऐक." त्यांनी बोटं एकेक करून दुमडायला घेतली, पुस्तकातला इन्स्पेक्टर करतो तशी. "बाई तुझ्या शेजारी बसल्यात. पान त्यांना दिसतंय. एका शब्दावर त्यांनी तुला धरलं. धरायला दुसरं काय असतं तर तेबी धरलं असतं. यावरनं मी अनुमान काढतो, की तू दोन वर्षांत एक पानबी सोडलेलं न्हाईस. धरणाची उंची बी वाचलीस." ते थांबले. "मला कटाळा आलता तवा बी वाचलीस."

गुणाबाई हसल्या नाहीत. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि पुस्तक उघडलं. "तो जो शब्द हाय," त्या म्हणाल्या, "तो मी आता हाय तसाच वाचणार. तुमचं तुमी बघा." आणि मागं जाऊन चपलांच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा दोघंही किंचित थांबले. मीही थांबले होते.

घरी येताना मी रस्त्यात उगाच एका झाडाखाली उभी राहिले. आयुष्यभर मी मराठी शिकवली. अनुमान या शब्दाचे अर्थ लिहा, असा प्रश्न मीच कितीदा काढला असेन. पण इतक्या जवळच्या दोन गावांत त्याच अक्षरांचा शब्द इतका वेगळा असतो, आणि त्याच्या आधारानं एक माणूस अख्खी पुस्तकं दुसरीच वाचू शकतो, आणि ती दुसरी पुस्तकंही उभी राहतात, हे मला ठाऊक नव्हतं. कारण उभी राहतातच. मी हिरव्या मोटारीची कादंबरी पुन्हा आणली आणि गुणाबाईंच्या शब्दानं वाचून पाहिली. त्यात एक पोलीस अधिकारी आहे, तो ज्याला त्याला संशयानं बघतो, एका बुटक्या माणसाला त्या भरात तुरुंगात पाठवतो, आणि शेवटच्या पानावर एकटाच समुद्रावर जाऊन उभा राहतो. लेखकानं ते शेवटचं पान विजयाचं म्हणून लिहिलं असणार. मला मात्र तो माणूस पस्तावलेला दिसला, आणि ते पान मी दोनदा वाचलं.

हे मी गुणाबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग? मी भरमूला तेच सांगत हुते."

परशरामअण्णांचं मत अर्थात वेगळं आहे. ते म्हणतात, आता नवा शब्द घालून हिरवी मोटार पुन्हा वाचल्याशिवाय काही सांगता येणार नाही. पोकळी भरते की नाही ते बघायचं. न भरली तर जॉब रिजेक्ट. मेव्हण्याच्या बाजूनं गुणाबाई अजून ठाम आहेत. शब्दाचा अर्थ बदलला तरी बुटकेपणा हा पुरावा होत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि भरमूनंही याला आता दुजोरा दिला आहे.

मागच्या आठवड्यात गुणाबाईंनी डोळे तपासून चष्म्याची नवीन फ्रेम घेतली. सध्या दुपारी त्यांच्याकडे हिरवी मोटार दुसऱ्यांदा चालू आहे.